सहा कोनांचे कुंड : क्षेत्रफळापासून बाजूपर्यंत

आमच्या घरी आजोबांची एक वही आहे. आजोबा याज्ञिकी करीत. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या आसपास दहा-वीस कोसांत कुठे शांत, वास्तू किंवा मोठा होम असला की कुंडाची आखणी करायला त्यांना बोलावणे येई. वही लांबट, दोऱ्याने शिवलेली. तिच्यात कुंडांच्या आकृत्या, प्रत्येकीखाली मापे आणि मधूनमधून किराणा सामानाच्या याद्याही आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमचे दगडमातीचे घर बसले. घरातली माणसे वाचली, हे नशीब. मी त्या वेळी लातूरला शाळेत गणित शिकवत होतो. चार दिवसांनी गावी पोहोचलो, तर ढिगाऱ्यातून काढलेल्या भांड्यांच्या शेजारी ही वही वाळत घातलेली होती. मध्ये पाऊस होऊन गेला होता. बरीच पाने एकमेकांना चिकटली होती, शाई पसरली होती.

एका पानावर सहा टोकांची तारकाकृती होती. एकमेकांत अडकवलेले दोन समभुज त्रिकोण, एकाचे टोक वर, दुसऱ्याचे खाली. खाली लिहिले होते : 'षडस्र. क्षेत्र ५७६. व्यासार्ध १८'. अठराच्या पुढे उभ्या रेघा होत्या हे नक्की. पण त्या किती, हे पाण्याने पुसून टाकले होते. जुन्या हिशेबाच्या पद्धतीत आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेव्हा मूळ आकडा सव्वाअठरा, साडेअठरा की पावणेएकोणीस? शेजारी, आकृतीच्या एका छोट्या बाजूला लागून, '१०॥' म्हणजे साडेदहा एवढे मात्र स्पष्ट वाचता येत होते.

आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. वडिलांनी याज्ञिकी केली नाही. विचारायला घरात कोणी उरले नव्हते. क्षेत्रफळ माहीत होते, आकृती माहीत होती, लांबी हरवली होती. म्हणजे क्षेत्रफळावरून लांबी काढायची, एवढेच हातात होते. त्या एका पुसलेल्या रेघेमागे लागून जे वाचले, जे पडताळले, ते या लेखात मांडत आहे.

हात, अंगुळ आणि आठ आकार

आधी ५७६ हा आकडा कुठून आला ते पाहू. कुंडशास्त्रात मोजमापाचा पाया यजमानाचे शरीर हा आहे. यजमानाने सपाट जमिनीवर चवड्यांवर उभे राहून दोन्ही हात वर करायचे. जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंतच्या उंचीचा पाचवा भाग म्हणजे एक हस्त, म्हणजे हात. हाताचा चोविसावा भाग म्हणजे एक अंगुळ. अंगुळाचे आठ यव, यवाच्या आठ यूका. मध्यम उंचीच्या माणसाचा असा हात साधारण ४३ सेंटिमीटर भरतो आणि अंगुळ पावणेदोन सेंटिमीटरच्या किंचित वर जाते. माणूस बदलला की अंगुळ बदलते. पण हातात अंगुळे चोवीसच राहतात.

एक हाताचे चौरस कुंड म्हणजे २४ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद. त्याचे क्षेत्र २४ × २४ = ५७६ वर्ग अंगुळे. आजोबांचा ५७६ तो हाच.

मोठ्या यागात आठ दिशांना आठ कुंडे असतात आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. पूर्वेला चौरस, आग्नेयेला योनी, दक्षिणेला अर्धचंद्र, नैर्ऋत्येला त्रिकोण, पश्चिमेला वर्तुळ, वायव्येला षडस्र, उत्तरेला पद्म आणि ईशान्येला अष्टास्र. नववे आचार्यकुंड पूर्व आणि ईशान्य यांच्या मध्ये. आकार आठ, पण अट एकच : सर्वांचे क्षेत्रफळ सारखे हवे. 'एक हाताचे त्रिकोणी कुंड' याचा अर्थ त्रिकोणाची बाजू एक हात असा होत नाही. त्या त्रिकोणात एक हाताच्या चौरसाएवढी जागा मावली पाहिजे, असा होतो. 'दोन हातांचे कुंड' म्हटले तरी बाजू दुप्पट होत नाही, क्षेत्र दुप्पट होते; म्हणून दोन हातांच्या चौरसाची बाजू ४८ अंगुळे नसून ३४ अंगुळांच्या जवळपास येते. 'हात' हा शब्द लांबीचा, पण इथे तो क्षेत्रफळाचे काम करतो. सगळी गफलत इथेच होते.

ही अट कुंडकारांनी नव्याने बसवलेली नाही. शुल्बसूत्रांतल्या अग्निचयनात चितीचे क्षेत्र साडेसात वर्ग पुरुष ठरलेले असते. मग चिती श्येनाच्या आकाराची असो, रथचक्राच्या असो की त्रिकोणी असो. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या यजमानाची उंची, १२० अंगुळे. त्याचा पाचवा भाग २४ अंगुळे, म्हणजे कुंडाचा हात. शुल्बसूत्रांत तिप्पट क्षेत्राच्या चौरसाच्या बाजूला 'त्रिकरणी' असे नाव आहे. आपण ज्याला तीनचे वर्गमूळ म्हणतो, ते हेच. आपल्या षट्कोनी तारकेला या त्रिकरणीवाचून पाऊल टाकता येत नाही.

बारा त्रिकोण

तारकेचे क्षेत्रफळ काढण्याची सोपी वाट मुलांना वर्गात दाखवता येते. दोन मोठे त्रिकोण एकमेकांवर ठेवले की मध्ये एक षट्कोन तयार होतो आणि त्याच्या सहा बाजूंवर सहा छोटे त्रिकोण उभे राहतात. मधल्या षट्कोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडले, की त्याचेही सहा त्रिकोण होतात. हे बाराही त्रिकोण समभुज आणि अगदी सारखे असतात. त्यांची बाजू म्हणजेच तारकेची कड.

५७६ भागिले १२ म्हणजे ४८. एका त्रिकोणाचे क्षेत्र ४८ वर्ग अंगुळे. चोवीस अंगुळांच्या चौरसातून हा भाग किती स्वच्छ निघतो, ते पाहण्यासारखे आहे. समभुज त्रिकोणाचे क्षेत्र म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले तीनचे वर्गमूळ, भागिले चार. उलट जायचे तर ४८ ला चारने गुणायचे, १९२ आले. त्याला तीनच्या वर्गमूळाने, म्हणजे १.७३२०५ ने भागायचे, ११०.८५ आले. हा कडेचा वर्ग. साडेदहाचा वर्ग ११०.२५ होतो. उरलेल्या ०.६० ला साडेदहाच्या दुपटीने, म्हणजे २१ ने भागले की ०.०२८६. कड आली १०.५२८६ अंगुळे.

आजोबांचे '१०॥' बरोबर होते. अगदी तंतोतंत नव्हे, पण जमिनीवर विटा लावणाऱ्या माणसाला पुरेसे.

आता व्यासार्ध. तारकेची सहाही टोके एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचे व्यासार्ध म्हणजे कडेची तीनच्या वर्गमूळाएवढी पट. १०.५२८६ ला १.७३२०५ ने गुणले की १८.२३६. मधली वाट गाळायची असेल, तर तारकेचे क्षेत्र म्हणजे व्यासार्धाच्या वर्गाची तीनच्या वर्गमूळाएवढी पट, हे थेट सूत्र वापरता येते. त्यात तिन्ही शक्यता घालून पाहिल्या. सव्वाअठराला क्षेत्र येते ५७६.८८. साडेअठराला ५९२.८. पावणेएकोणिसाला ६०८.९. पुसलेल्या जागी एकच रेघ असली पाहिजे : सव्वाअठरा.

इथे एक कबुली देतो. पहिल्या दिवशी मी हे गणित चुकवले होते. 'एक हाताचे कुंड' म्हणजे एक हाताचे व्यासार्ध, असे गृहीत धरून २४ अंगुळांचे वर्तुळ काढले आणि क्षेत्र आले ९९७.६६. वहीतल्या ५७६ शी ते कुठेच जुळेना. आजोबांच्याच आकड्यात चूक असावी, असे दोन दिवस मी मानून बसलो होतो.

विठ्ठल दीक्षितांचा श्लोक

पुढे काही वर्षांनी विठ्ठल दीक्षितांच्या 'मंडपकुंडसिद्धी' या ग्रंथाची एक छापील प्रत मिळाली. ग्रंथ शके १५४१ चा, म्हणजे इसवी सन १६१९-२० मधला. आजही कुंडाची आखणी करणारे याज्ञिक ज्या ग्रंथांकडे वळतात, त्यांत हा प्रमुख. षडस्र कुंडाची सगळी कृती त्यात एका श्लोकात बसवली आहे. श्लोक न देता त्याचा आशय सांगतो.

क्षेत्राच्या, म्हणजे चौरसाच्या बाजूचे चोवीस भाग करा. त्यांपैकी अठरा भाग घ्या आणि त्या अठरांत त्यांचाच बहात्तरावा भाग मिळवा. तेवढ्या व्यासार्धाचे वर्तुळ काढा. त्याच मापाने, उत्तरेपासून सुरुवात करून, परिघावर सहा खुणा करा. मग एक खूण सोडून पुढची, अशा रीतीने सहा खुणा दोऱ्यांनी जोडा. सांध्यांमधल्या सहा भुजा आणि वर्तुळ पुसून टाका. डोळ्यांना सुखावणारे षडस्र तयार होते.

अठराचा बहात्तरावा भाग म्हणजे पाव. अठरा अधिक पाव, सव्वाअठरा. आजोबांची पुसलेली रेघ सापडली.

एक खूण सोडून जोडायचे आणि आतल्या सहा भुजा पुसायच्या, या दोन सूचनांमुळे ही आकृती साधा षट्कोन नाही, सहा टोकांची तारकाच आहे, याविषयी शंका उरत नाही. त्याच ग्रंथात साध्या, सम षट्कोनाचाही पर्याय दिला आहे. तिथे चोवीस भागांपैकी पंधरा घ्यायचे आणि त्यांतून त्यांचाच एकशे साठावा भाग वजा करायचा. व्यासार्ध येते १४.९०६. सम षट्कोनाची बाजू व्यासार्धाएवढीच असते, म्हणून बाजूही तीच. तिच्यावरून क्षेत्र येते ५७७.२८. अचूक बाजू हवी असेल तर ती १४.८९० अंगुळे.

दोन्ही आकड्यांतली चूक किती, ते पाहा. तारकेत ५७६ मध्ये ०.८८ जास्त, हजारात दीड. सम षट्कोनात १.२८ जास्त, हजारात सव्वादोन. अचूक व्यासार्ध १८.२३६ म्हणजे १८ अंगुळे आणि १.८९ यव. यवाच्या खाली न जाता पूर्ण यवात बोलायचे, तर ते १८ अंगुळे २ यव, म्हणजे सव्वाअठराच. विठ्ठल दीक्षितांनी जवळचा पूर्ण यव घेतला असावा, असे मला वाटते. एक यव म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. चुन्याची फक्की किंवा पिठाची रेघ याहून जाड पडते.

मग सरळ 'सव्वाअठरा अंगुळे' न म्हणता 'अठरा भाग आणि त्यांचा बहात्तरावा भाग' असे फिरवून का सांगितले? कारण ही कृती केवळ एक हाताच्या कुंडाची नाही. दोन हातांचे असो की चार हातांचे, त्या कुंडाच्या चौरसाची बाजू घ्यायची, तिचे चोवीस भाग करायचे आणि पुढची कृती तशीच करायची. अंगुळांचा आकडा एकाच मापाला लागू पडला असता. भागांचे प्रमाण सगळ्या मापांना लागू पडते. आजच्या भाषेत व्यासार्ध आणि चौरसाची बाजू यांचे हे गुणोत्तर ७३ : ९६ आहे. दशांशात ०.७६०४, अचूक मूल्य ०.७५९८.

गोदाकाठची वाट

श्लोकात कृती आहे, उपपत्ती नाही. अठरा आणि बहात्तरावा भाग हे आकडे कसे काढले, ते विठ्ठल दीक्षित तिथे सांगत नाहीत. पण त्या काळच्या गणिताच्या विद्यार्थ्यापाशी साधने होती. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यात वर्तुळात बसणाऱ्या सम बहुभुजांच्या बाजूंचे आकडे आहेत. व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, षट्कोनाची ६०,०००. यांपैकी पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवा. १,०३,९२३ भागिले ६०,००० म्हणजे १.७३२०५, तीनचे वर्गमूळ पाच दशांश स्थळांपर्यंत. आपल्या तारकेतला मोठा त्रिकोण तोच आणि मोठ्या त्रिकोणाच्या बाजूचा तिसरा हिस्सा म्हणजे तारकेची कड. ५७६ ला ६०,००० ने गुणून १,०३,९२३ ने भागले आणि वर्गमूळ काढले की १८.२३६ हाती येते. त्रैराशिक आणि वर्गमूळ येणाऱ्याला हे एका दुपारचे काम आहे. हाच मार्ग वापरला गेला असे मी ठामपणे म्हणणार नाही; पण मार्ग उपलब्ध होता, एवढे नक्की.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पुढे ही विद्या गोदाकाठी रुजलेली दिसते. पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातले पाथरी, इथल्या ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास याने १५४१ मध्ये लीलावतीवर टीका केली. पार्थपूरजवळच्या गोलग्राम या गावचे ज्योतिष्यांचे घराणे काशीला गेले आणि त्याच घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धांततत्त्वविवेक' हा मोठा ग्रंथ रचला.

धर्मशास्त्राची वाटही तीच होती. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, 'त्रिस्थलीसेतू'चे कर्ते. पुढे याच घराण्यात नीलकंठभट्ट झाले. त्यांचा 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला. नीलकंठभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी कुंडांवर 'कुंडार्क' लिहिला. एकीकडे लीलावती घोकणारे, दुसरीकडे होमाचे नियम ठरवणारे. दोघे त्याच नदीकाठचे आणि दोघे त्याच काशीत राहणारे. कुंडाच्या आखणीत गणित आणि धर्मशास्त्र इतके सहज एकत्र आले, त्याचे कारण मला या शेजारात दिसते.

लातूरचा धागा याहून जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' नगराचे स्वामी म्हणवीत आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्यांच्या काळातले अवशेष आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव आहे. याच घराण्यातल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या राज्यात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. १९१२ मध्ये मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला. त्यातल्या क्षेत्रगणिताच्या प्रकरणात यवाच्या, मृदंगाच्या, पणवाच्या, वज्राच्या आकाराची क्षेत्रे आहेत. प्रत्येक ठिकाणी व्यवहाराला पुरेल असे उत्तर वेगळे आणि सूक्ष्म उत्तर वेगळे. क्षेत्रफळ देऊन बाजू काढायला सांगणारी उलटी उदाहरणेही आहेत. महावीराचार्य लातूरला राहिले होते, असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. व्यवहाराचे उत्तर आणि सूक्ष्म उत्तर अशी दोन उत्तरे शेजारी ठेवण्याची त्यांची शिस्त मला महत्त्वाची वाटते. आजोबांचे साडेदहा हे व्यवहाराचे उत्तर. १०.५२८६ हे सूक्ष्म. दोन्ही माहीत असणारा माणूस फसत नाही.

मिस्त्रीची मजुरी

फसतो कोण, ते सहा-सात वर्षांपूर्वी पाहिले. निवृत्तीनंतर मी नांदेडला मुलाकडे राहायला आलो. जवळच्या एका गावात नवकुंडी याग होता आणि यजमान माझ्या एका विद्यार्थ्याचे काका. एका संध्याकाळी विद्यार्थी धावत आला. "सर, चला जरा. कुंडावरून भांडण लागलंय."

गेलो तर मंडपाच्या वायव्येला विटांचे सुबक तारकाकुंड होते आणि शेजारी मिस्त्री मान खाली घालून बसला होता. बाहेरगावाहून आलेल्या पंडितजींनी कुंड लहान आहे म्हणून ते मोडायला सांगितले होते. कुंड मापाहून कमी-जास्त झाले तर यजमानाला दोष लागतो, असे शास्त्र सांगते. त्यामुळे यजमान घाबरले होते आणि मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी कापायची, असे ठरले होते.

मिस्त्री म्हणाला, "सर, म्या काय चुकलो सांगा. एक हाताचं करा म्हणले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात लावून बघा. एक सूत इकडंतिकडं नाही."

मी मोजले. खरेच, मोठ्या त्रिकोणाची बाजू बरोबर २४ अंगुळे होती, म्हणजे तारकेची कड आठ. क्षेत्र येते ३३२.५५. पाहिजे ५७६. म्हणजे जेमतेम अठ्ठावन्न टक्के. मला माझा १९९३ चा घोटाळा आठवला. मी हात व्यासार्धाला लावला होता, त्याने त्रिकोणाच्या बाजूला. माझे क्षेत्र तीनच्या वर्गमूळाएवढ्या पटीने जास्त झाले होते, त्याचे तेवढ्याच पटीने कमी. चूक एकच, दोन दिशांना.

मंडपात समीकरणे मांडून उपयोग नव्हता. मी वाळू मागवली. शेजारचे चौरस कुंड तेवढ्याच खोलीचे होते. त्यात आठ घमेली वाळू मावली. तारकेत साडेचारच्या थोडी वर. मग यजमानांची उंची पुन्हा मोजून अंगुळाची पट्टी केली, सव्वाअठरा अंगुळांचा दोरा घेतला, खुंटी रोवून वर्तुळ काढले, सहा खुणा केल्या, एक सोडून एक जोडल्या. मिस्त्रीने त्या रात्री गॅसबत्तीच्या उजेडात विटा पुन्हा लावल्या. कडेला त्याने पट्टी लावली : साडेदहा अंगुळे आणि वर एक केसभर. सकाळी वाळू भरली. आठ घमेली मावली.

मिस्त्रीने एक गोष्ट माझ्याआधी ओळखली होती. "चौकोनाला विटा कमी लागल्या, ह्याला लई लागल्या, जागा तेवढीच असून." त्याचे बरोबर होते. चौरसाची परिमिती ९६ अंगुळे, तारकेची बारा कडांची मिळून १२६. एकतृतीयांश काम जास्त, तेही बारा कोपऱ्यांचे.

पंडितजी विद्वान होते. थोडा वेळ गप्प राहून ते यजमानांना म्हणाले, "मी 'एक हाताचं' म्हणालो. ते क्षेत्राचं माप आहे हे सांगायचं राहिलं. त्याला दोष देऊ नका." मिस्त्रीला दोन्ही वेळच्या कामाची मजुरी मिळाली.

या तारकेवर हक्क कोणाचा

हा विषय निघाला की दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, सहा टोकांची तारका ज्यूंची, ती होमात कशी? कोणी म्हणतो, ही आपलीच, सगळ्या जगाने आपल्याकडून नेली. दोन्ही म्हणण्यांना मी मान हलवू शकत नाही. कंपासने वर्तुळ काढले आणि त्याच व्यासार्धाने परिघावर खुणा केल्या की सहाच बसतात. हे जिथे कोणी वर्तुळ काढले तिथे दिसणारच. ज्यूंच्या ताऱ्यात, मशिदींच्या जाळ्यांत, शाक्तांच्या यंत्रांत, आपल्या आयाबहिणींच्या ठिपक्यांच्या रांगोळीत ती आहे. १९०४ मध्ये स्वीडनच्या फॉन कॉख यांनी त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूच्या मधल्या तिसऱ्या भागावर नवा त्रिकोण उभारला, तेव्हा पहिल्याच पायरीला हीच तारका तयार झाली. तिच्या कडा वाढवत नेल्या तर परिमिती अमर्याद वाढते आणि क्षेत्र मात्र मर्यादेत राहते. आमच्या मिस्त्रीला लागलेल्या जास्तीच्या विटा ही त्याच वाटेवरची सुरुवात.

कुंडग्रंथांचे वेगळेपण आकृतीत नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. आकृती काढणे सोपे. 'एवढेच क्षेत्रफळ हवे, तर दोरा किती लांब घेऊ?' हा प्रश्न अवघड, आणि त्याला हजारात दीड एवढ्या चुकीचे उत्तर १६१९ मध्ये, एका श्लोकात, दोरा आणि खुंटीने करता येईल अशा भाषेत दिलेले आहे. त्या श्लोकाचे मोल सांगायला याहून मोठा दावा करावा लागत नाही. आकडा लहान करून सांगितला तर विठ्ठल दीक्षितांवर अन्याय होतो. फुगवून सांगितला तर तपासणीची सवय सुटते आणि मग मंडपात मजुरी कापली जाते ती मिस्त्रीची.

गेल्या दिवाळीत नातीने सहा टोकांचा आकाशकंदील करायला घेतला. हातातल्या घोटीव कागदात केवढा कंदील होईल, असे तिने विचारले. मी वही काढून तिला ते पान दाखवले आणि कागदाचे क्षेत्रफळ बाराने भागायला सांगितले. पुढचे तिने केले. कंदिलाची एक बाजू थोडी वाकडी झाली. बांबूची कामटी ओली होती.

वहीतल्या त्या पुसलेल्या जागी मी पेन्सिलने एक उभी रेघ ओढून ठेवली आहे. शाईने नाही. पुढे कोणाला पडताळून पाहायचे असेल, तर मूळचे काय आणि मी भरलेले काय, हे वेगळे दिसले पाहिजे.